फाटकापलीकडचे अरण्य

रविवारी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास बोरिवली स्थानकाच्या पूर्वेकडील जिन्यावरून जी गर्दी खाली उतरते, तिच्यात आणि एरवीच्या गर्दीत एक ठळक फरक असतो. एरवी स्थानकाकडे धावणारी माणसे त्या दिवशी स्थानकाकडे पाठ करून चालत असतात. हातात डब्याची पिशवी, खांद्याला पाण्याची बाटली, बोटाला धरलेले एखादे मूल, अशी ही माणसे महामार्ग ओलांडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत एका राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी येऊन उभी राहतात. लोकलच्या पासावर गाठता येते असे हे अरण्य आहे. नैरोबीसारखे एखादे शहर सोडले, तर इतक्या मोठ्या महानगराच्या कुशीत बिबटे वावरत असलेले जंगल जगात क्वचितच सापडेल. मुंबईकराला मात्र त्याचे फारसे अप्रूप नाही. दाराशी असलेल्या गोष्टीचे अप्रूप कोणालाच वाटत नसते.

या उद्यानाचे क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. एका अंगाला मुंबईची उपनगरे, दुसऱ्या अंगाला ठाणे आणि उत्तरेला वसईची खाडी, असा त्याचा विस्तार. पूर्वी ते कृष्णगिरी होते, मग बोरिवली झाले आणि १९८०च्या दशकापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाऊ लागले. लोकांच्या तोंडी मात्र 'नॅशनल पार्क' हेच एक नाव रुळले आहे. दुसरे कोणतेही सांगितले तर रिक्षावाला क्षणभर घुटमळतो. नावाविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु या उद्यानात जाणाऱ्या सामान्य माणसाला तेथे नेमके काय दाखवले जाते आणि काय दाखवले जात नाही, याचा विचार कोणीतरी करायला हवा. तो फारसा होत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

फाटकातून आत गेलेल्या कुटुंबाचा दिवस साधारणपणे असा जातो. प्रथम तलावात होडीतून एक फेरी. मग जाळी लावलेल्या गाडीतून कुंपणात ठेवलेल्या वाघ-सिंहांचे दर्शन. सिंह हा काही सह्याद्रीचा प्राणी नव्हे. २०२२ साली त्याची एक जोडी जुनागढहून आणावी लागली. 'वनराणी' ही छोटी आगगाडी तर कित्येक वर्षे मुलांचे मुख्य आकर्षण होती. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात तिचा मार्ग उखडला, तेव्हा उद्यानाचा कणाच मोडला अशा सुरात लोक हळहळले. दुपारी झाडाखाली चटया अंथरल्या जातात, डबे उघडतात, एखादे माकड वेफर्सची पिशवी घेऊन झाडावर पळते आणि मुले टाळ्या पिटतात. चारच्या सुमारास सगळे थकून, समाधानाने स्थानकाकडे वळतात. आपण जंगल पाहिले असे त्यांना वाटत असते.

या कुटुंबाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. सहा दिवस कचेरीत किंवा वर्गात उभे राहून, दहा बाय बाराच्या खोलीत संसार करणाऱ्या माणसाला आकाशाचा एक मोठा तुकडा आणि दाट सावली मिळाली, तर तेवढ्यानेही त्याचा आठवडा सावरतो. प्लॅस्टिक टाकतात, आरडाओरडा करतात, माकडांना खाऊ घालतात म्हणून या गर्दीवर कोरडे ओढणारे लेख दर वर्षी छापून येतात. त्यांत तथ्य नाही असे नाही. माकडाला खाऊ घालणे ही दया नव्हे, त्याला चोर बनवण्याची ती पहिली पायरी आहे, हे सांगायलाच हवे. परंतु ज्याच्यापुढे जत्रा मांडली त्याने जत्रेसारखे वागू नये, ही अपेक्षा जरा अवाजवी आहे. तक्रार आहे ती जत्रा मांडणाऱ्यांविषयी. करमणुकीची साधने फाटकाजवळ दाटीने उभी करायची आणि खरे अरण्य त्यांच्या मागे जणू पडद्याआड ठेवायचे, हे धोरण म्हणून कोणी ठरवले नसेलही. व्यवहारात मात्र तसे झाले आहे.

त्या पडद्याआड काय आहे? कान्हेरीकडे जाणारा रस्ता धरावा आणि कोठेही घाई न करता चालावे. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा यांच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले लागलेली असतात आणि मध पिण्यासाठी आलेल्या साळुंक्या, कोतवाल, बुलबुल यांची तेथे सकाळभर भांडणे चालतात. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, काजव्यांनी झाडे लखलखतात. जूनमध्ये ओढे वाहू लागले की शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. पहाटेच्या अंधारात त्याची शीळ प्रथमच ऐकणाऱ्याला कोणी उनाड पोरगा रमतगमत शीळ घालत चालला आहे असेच वाटते. पल्लवपुच्छ कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, राखी धनेश उंबरावर येतो, आणि पावसाळा ओसरताना निळ्या-काळ्या पंखांची राणी पाकोळी पायवाटेवरून तरंगत जाते. २०१५ साली राज्याचे फुलपाखरू म्हणून निवडले गेले ते हेच. चितळ आणि सांबर दिसतात. भेकर बहुधा ऐकूच येते. कुत्र्यासारखे त्याचे ते भुंकणे कानावर पडले की जाणकार माणूस थांबतो, कारण जवळपास बिबट्या असण्याचा संभव असतो.

आणि कारवी. या झुडपाची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. सात वर्षे ते डोंगरउतारावर हिरवेगार उभे असते आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस ते फुलते, एकटेदुकटे नव्हे तर सगळ्या उतारावर एकदम, आणि डोंगर जांभळा होतो. मधमाश्यांना आणि फुलपाखरांना मग उसंत नसते. फुलून झाल्यावर झाड वाळते, आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी त्याची सुकलेली बोंडे तडतडत फुटून बी दूर फेकले जाते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या आदिवासींच्या घरांचा कूड विणायला उपयोगी पडतात. बोरिवलीच्या जंगलात कारवी २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली आणि २०२४ साली फुलली. ज्या शहरात मिनिटाचा उशीर झाला की लोकल चुकते, त्याच शहराच्या हद्दीत आठ वर्षांचे घड्याळ लावून बसलेले हे झुडूप आहे. २०२४च्या सप्टेंबरात ते पाहायला काही लोक गेलेही. परंतु त्या महिन्यात फाटकातून आत गेलेल्या प्रत्येकाला आत कारवी फुलली आहे हे कोणी सांगितले होते काय? प्रस्तुत लेखक त्या सुमारास गेला होता तेव्हा होड्यांच्या तिकिटांसाठी लांब रांग होती. कारवीची चौकशी करणारे त्या रांगेत कोणी आढळले नाही, आणि त्यात रांगेतल्या माणसांचा दोष नव्हता.

कान्हेरीची लेणी ही या अरण्याची दुसरी बाजू. शंभराहून अधिक लेणी या काळ्या कातळात कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे काम पुढे जवळजवळ हजार वर्षे चालू राहिले. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांनी त्यासाठी दान दिल्याचे शिलालेख सांगतात. परंतु शिल्पे आणि शिलालेख बाजूला ठेवून एक गोष्ट अवश्य पाहावी, ती म्हणजे पाण्याची व्यवस्था. डोंगरावर पडणारा पाऊस कातळात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवलेला आहे. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. विहार करणाऱ्या भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचे आणि उरलेले आठ महिने पाण्याची तूट पडू द्यायची नाही, असा हा हिशेब होता. अरण्य आणि माणूस यांचा संबंध तोडण्याचाच असतो असे समजणाऱ्यांनी ही टाकी पाहून यावे.

या लेण्यांजवळच काही वर्षांपूर्वी पाहिलेला एक प्रसंग आठवतो. आठवीचा एक वर्ग सहलीला आला होता. मुलांचा गलका चालू होता. त्यांच्याबरोबरच्या बाईंनी त्यांना एका कट्ट्यावर बसवले आणि सांगितले, "पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही. जेवढे आवाज ऐकू येतील तेवढे बोटांवर मोजायचे." पहिले मिनीट खुसखुस हसण्यात गेले. दुसऱ्या मिनिटाला एका मुलाने एक बोट दुमडले, मग दुसऱ्याने. लांबवर कोठेतरी तांबट ठोके घालत होता. बाईंना त्या पक्ष्याचे नाव ठाऊक होते. त्यांनी ते सांगितले आणि तांब्याच्या भांड्यावर ठोके घालणाऱ्या कारागिराचे ते नाव पक्ष्याला का पडले हेही सांगितले. जिन्याने उतरताना तीन-चार मुले तोच आवाज काढीत चालली होती. राष्ट्रीय उद्यानाचा आनंद घेणे म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या प्रस्तुत लेखकाला सुचत नाही. त्याला पाच मिनिटे लागली, आणि ठाऊक असलेले एक नाव.

नाव ठाऊक असणे ही साधी गोष्ट नव्हे. जून २०२५ मध्ये मारुती चितमपल्ली गेले, तेव्हा त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. वनखात्यातील नोकरीची वर्षे त्यांनी जंगलात काढली, आणि तेथे जे पाहिले, ऐकले ते मराठीत आणले. 'पक्षिकोश' हे त्यांचे काम आहे. पारध्यांच्या, गोंडांच्या, कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी जमवली नसती, तर आपल्याला आपल्याच पक्ष्यांची ओळख इंग्रजी पुस्तकांतून करून घ्यावी लागली असती. त्यांच्याही आधी व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि त्या वास्तव्यावर त्यांनी एक आख्खे पुस्तक लिहिले. दोघांच्याही लेखनातील जंगल हे चालणाऱ्या माणसाचे जंगल आहे. पायाखाली वाळलेली पाने वाजतात, म्हणून पाऊल जपून टाकणाऱ्या माणसाचे.

आज मात्र जंगल म्हटले की मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उघडी जिप्सी आणि वाघ एवढेच येते. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. तेथील जंगलाची थोरवी कोणी नाकारणार नाही. परंतु मुंबई-पुण्याच्या शिक्षकाला अथवा कारकुनाला कुटुंबासह तेथे जायचे तर रेल्वेचे भाडे, निवासाचे भाडे, जिप्सीचे भाडे, वाटाड्याचे शुल्क आणि प्रवेशाचे शुल्क असा खर्चाचा डोंगर उभा राहतो. इतके पैसे मोजून गेलेल्या माणसाला मोबदला हवा असतो, आणि तेथे मोबदल्याचे एकच नाणे चालते. वाघ दिसला तर सहल वसूल, न दिसला तर पैसे पाण्यात! मग चालकावर दडपण येते, चालक एकमेकांना खबर देतात आणि गाड्या धावत सुटतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरली, त्याची चित्रफीत सगळीकडे पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यापूर्वी जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनच अंतरिम आदेशाने थांबवले होते. ऑक्टोबरात नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. न्यायालयांनी वारंवार हस्तक्षेप करावा लागणे हे आपल्या जंगल पाहण्याच्या पद्धतीवरचे भाष्यच आहे.

ताडोब्यात पायी हिंडू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बोरिवलीच्या जंगलाची स्थिती वेगळी आहे. तेथे मोकळा वाघ नाही. हे त्याचे उणेपण मानले जाते. वस्तुतः ते त्याचे मोठेच भांडवल आहे. वाघ दिसण्याची आशाच नसल्यामुळे येथे इतर सगळे पाहायला माणूस मोकळा असतो, आणि ते पायी पाहू शकतो.

येथे कोणी विचारील, मग बिबट्याचे काय? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. २००४ साली, विशेषतः त्या वर्षीच्या जून महिन्यात, उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे बळी गेले. त्यांत लहान मुले होती. शहरात घबराट पसरली, पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. पुढे अभ्यासकांनी जे सांगितले ते त्या वेळच्या समजुतीच्या उलट होते. एक बिबट्या उचलून नेला की त्याची रिकामी जागा दुसरा घेतो. आणि पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला, तर तेथे तो अधिक धोकादायक ठरू शकतो. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली. कचऱ्याच्या ढिगांवर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हेही लक्षात आले. २०११ साली वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला, तो या जाणिवेतून. वस्त्यांत सभा झाल्या, पोलीस आणि पत्रकार यांच्याशी बोलणी झाली, रात्री मुलांना एकटे सोडू नका, उजेड ठेवा, कचरा उचला, बिबट्याला घेरू नका, असे साधे नियम सांगितले गेले. २०१८ च्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या गणनेत उद्यानात आणि लगतच्या परिसरात ४७ बिबटे आढळले. इतके बिबटे आणि इतकी माणसे शेजारी राहतात आणि बहुतेक रात्री शांततेत जातात, हा एक विलक्षण प्रयोग आहे. तो सर्वस्वी यशस्वी झाला असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत एका तान्ह्या मुलीचा बळी गेला, आणि तिच्या आईबापांपुढे गणनेचे आकडे मांडण्याचे धैर्य कोणाला होईल? परंतु २००४ च्या आणि आजच्या मुंबईत फरक पडला तो पिंजऱ्यांमुळे नव्हे, माहितीमुळे, एवढे मात्र निःशंकपणे म्हणता येईल. दिवसाउजेडी, वाटाड्यासह, गटाने चालणाऱ्या माणसाला बिबट्याचे भय बाळगण्याचे कारण फार थोडे आहे. बिबट्यालाच त्या गटाचे भय अधिक.

ही माहिती ज्यांना पिढ्यान्पिढ्या होती ते लोक उद्यानाच्या आतच राहतात. वारली, कोळी, कातकरी अशा आदिवासींचे पाडे या जंगलात उद्यान होण्यापूर्वीपासून आहेत. वारली वाघदेवाला पुजतात. भय आणि आदर यांची सांगड घालण्याची ती त्यांची रीत आहे. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. अतिक्रमणाचा प्रश्न खरा होता, परंतु जंगलात नंतर येऊन घुसलेला आणि जंगलातच जन्मलेला यांच्यातील फरक सरकारी कागदांना नेहमीच नीट वाचता आलेला नाही. जो माणूस भेकराच्या भुंकण्यावरून बिबट्याची वाट सांगू शकतो, त्याला आपण त्याच जंगलात उपरा ठरवायचे आणि रविवारी येणाऱ्यांना जाळीच्या गाडीतून सिंह दाखवायचा, यात काहीतरी मुळातच चुकते आहे.

जंगल पाहण्याचा हा विषय केवळ सुटीच्या दिवशीच्या विरंगुळ्याचा आहे असे कोणी समजू नये. मुंबई बेटाला पाणी पुरेना म्हणून १८६० साली विहार तलाव बांधून पूर्ण झाला, १८७९ साली तुळशी. त्यांच्या पाणलोटाचे राखलेले रान हा आजच्या उद्यानाचा मोठा आधार आहे. मुंबईच्या आजच्या गरजेच्या मानाने या दोन तलावांचे पाणी अगदी थोडे. परंतु दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्यांचा उगम याच डोंगरांत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे, हे लाखो लोकांना प्रथमच समजले! नदी ठाऊक नव्हती, म्हणून तिच्या काठी काय चालले आहे तेही कोणी विचारले नव्हते.

हाच न्याय जंगलालाही लागू पडतो. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे भूमिपूजन झाले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्याची आखणीही याच डोंगराखालून आहे. वाहतुकीची निकड खरी आहे आणि ठाण्याहून बोरिवलीला जाण्यात रोजचे दोन तास घालवणाऱ्या नोकरदाराला बोगदा नको असे कोणी ऐकवू नये. प्रश्न असा की कामाच्या काळात ओढ्यांचे काय होते, राडारोडा कोठे पडतो, तोंडाशी किती झाडे जातात, यांवर डोळा ठेवणार कोण? ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत रातोरात झाडे तोडली गेली, तेव्हा तेथे धावून गेलेल्या तरुणांत पायवाटा ठाऊक असलेले, पक्षी मोजलेले, फुलपाखरांच्या याद्या केलेले विद्यार्थी होते. पुढे २०२० मध्ये आरेतील सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला, त्यामागे या ओळखीचाही वाटा होता. होडीत बसून परत गेलेला माणूस होडीसाठी भांडेल. जंगलासाठी त्याने का भांडावे? ते त्याला कोणी दाखवलेच नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते ते फार खर्चाचे नाही. सगळे जंगल सर्वांना मोकळे करा असे येथे म्हणायचे नाही. उद्यानाचा बराचसा भाग लोकांना बंद आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. परंतु ठरावीक चार-पाच पायवाटांवर, पंधरा-वीस जणांच्या गटाने, प्रशिक्षित वाटाड्यासह दर रविवारी सकाळी फेऱ्या काढाव्यात आणि त्यांचे शुल्क होडीच्या तिकिटापेक्षा जास्त नसावे. उद्यानातर्फे निसर्गफेऱ्या आजही होतात, स्वयंसेवी संस्थाही त्या काढतात. पण ज्याला आधीच आवड आहे त्यालाच त्यांचा पत्ता लागतो. फाटकाशी, होडीच्या तिकिटाच्या खिडकीशेजारीच या फेरीचीही खिडकी असावी आणि बाहेर फळ्यावर खडूने त्या आठवड्याची बातमी लिहिलेली असावी, जसे 'पांगारा फुलला', 'कस्तूर गाऊ लागला', 'काजवे दिसू लागले'. वाटाडे म्हणून पाड्यांतील मुलामुलींना पहिला हक्क द्यावा आणि त्यांना महिन्याचा पगार मिळावा; पर्यटकाच्या बक्षिशीवर त्यांना सोडू नये. झाडांवर मराठी नावांच्या पाट्या लागाव्यात, आणि त्या वाचता येण्याजोग्या उंचीवर असाव्यात. (एका झाडावरची पाटी वाचण्यासाठी प्रस्तुत लेखकाला एका उंच विद्यार्थ्याची मदत घ्यावी लागली होती.)

गर्दी जंगल तुडवील असा आक्षेप यावर घेतला जाईल. गर्दी आजही आहे, आणि तिला वळण नाही. शंभरातील दहा माणसे जरी होडीकडून पायवाटेकडे वळली तरी गर्दी वाढत नाही, केवळ तिच्यातील काहींचा आवाज खाली येतो. वाटाड्याबरोबर दोन तास चाललेला माणूस सहसा पिशवी फेकत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक झाले त्याच्यावर कचरा टाकायला हात जरा कचरतोच.

आणि शाळा. मुंबई आणि ठाणे येथील शाळांच्या सहली बहुतेक वेळा पाण्याच्या घसरगुंड्यांकडे जातात, कारण पालकांना तेच हवे असते असे मुख्याध्यापक सांगतात आणि मुख्याध्यापकांना तेच सोयीचे असते असे पालक सांगतात. वर्षातून एक सकाळ, सहल म्हणून नव्हे तर तास म्हणून, विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाने वर्ग कान्हेरीला नेला तर कोणाचा अभ्यासक्रम बुडणार नाही. त्यासाठी उद्यानाने शाळांना सोमवार सोडून आठवड्यातील एखादा दिवस राखून द्यावा. सोमवारी उद्यान बंद असते आणि त्या दिवशी जंगलाला सुटी मिळते, ती मोडू नये. शिक्षकांना पक्षी ओळखता येत नाहीत ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी पंधरा पक्षी आणि वीस झाडे पुरतात, आणि ती एका पावसाळ्यात शिकता येतात. त्या बाईंना तांबटाचे नाव कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकवलेले नव्हते. त्यांच्या घरासमोरच्या वडावर तो बसत असे, एवढेच त्यांनी सांगितले.

आता पुन्हा कारवी फुलायची ती २०३२ साली. २०२४ मध्ये पहिलीत बसलेला मुलगा त्या वर्षी नववीत असेल. त्याच्या शाळेने त्या सप्टेंबरातील एक सकाळ आतापासूनच राखून ठेवायला हरकत नाही.